नवे इलेक्ट्रिक मॉडेल: आत्ता घ्यावे की थांबावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, असे विचारणारी पत्रे आता कमी झाली असून ती कधी घ्यावी, असे विचारणारी पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. हिशेबासाठी पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि घरची वीज युनिटला १२ रुपये धरली आहे. आपापल्या बिलाप्रमाणे हे आकडे बदलून घ्यावेत.

प्रश्न (नाशिक): माझी पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली आहे. नोकरी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत असल्याने रोज जाऊन-येऊन ५६ किलोमीटर होतात आणि महिन्यातून एकदा मुंबईला मुलीकडे जाणे होते. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे दोन वर्षांपूर्वीच ठरले, पण दर काही महिन्यांनी नवे मॉडेल येते आणि मी पुन्हा थांबतो. माझ्या मेहुण्यांनी २०२४ च्या दिवाळीत हौसेने विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पुढच्याच मे महिन्यात तीच गाडी मोठ्या बॅटरीसह आली. ते अजून हळहळतात. तशी वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून नेमके किती थांबावे?

उत्तर: मेहुण्यांच्या गाडीपासूनच सुरुवात करू, कारण आपली भीती तिथून आली आहे. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ किलोवॉट-अवरची, म्हणजे ३८ युनिटची बॅटरी घेऊन आली, तेव्हा बॅटरीसकट तिची शोरूम किंमत १३.५० लाख रुपयांपासून सुरू होत होती. मे २०२५ मध्ये आलेल्या विंडसर प्रोची बॅटरी ५२.९ युनिटची आहे आणि कंपनीने जाहीर केलेली रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये कापता येणारे अंतर, ३३२ वरून ४४९ किलोमीटरवर गेली. बातमीत एवढेच वाचले, तर आधी घेणारा फसला असे कोणालाही वाटेल. परंतु प्रोची सुरुवातीची किंमत १७.४९ लाख होती, म्हणजे लहान बॅटरीच्या सर्वांत महागड्या प्रकारापेक्षाही ती दीड-दोन लाखांनी जास्त होती, आणि लहान बॅटरीची गाडी विक्रीतही राहिली. मेहुण्यांचे फिरणे मुख्यतः शहरात असेल, तर त्यांना मोठ्या बॅटरीचे पैसे मोजावे लागले नाहीत, इतकाच त्याचा अर्थ होतो. लांबच्या प्रवासासाठी ३८ युनिट अपुरे पडत असतील, तर ते गाडी घेतली तेव्हाही अपुरेच होते, आणि ती चूक गाडी निवडण्यातली आहे, वेळ निवडण्यातली नाही.

आता आपल्या थांबण्याचा हिशेब पाहू. रोजचे जाणे-येणे आणि मुंबईची फेरी धरून आपण महिन्याला सुमारे १,७००, म्हणजे वर्षाला वीस हजार किलोमीटर गाडी चालवता. जुनी गाडी लिटरला १४ किलोमीटर देते असे धरले, तर किलोमीटरमागे साडेसात रुपयांच्या आसपास पेट्रोल जाते. त्याच वर्गातली इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज केल्यास किलोमीटरला दोन रुपयांच्या आत भागते आणि महामार्गावरच्या जलद चार्जरवर साडेतीन-चार रुपये पडतात. सरासरी फरक पाच रुपये धरला, तरी आपण थांबता ते प्रत्येक वर्ष आपल्याला सुमारे एक लाख रुपयांना पडते. त्यात अकरा वर्षांच्या गाडीची गॅरेजची बिले धरलेली नाहीत.

याच्या शेजारी किमती उतरण्याचा अनुभव ठेवून पाहावा. बॅटरीच्या सेलचे दर घसरल्याचे कारण देऊन टाटा मोटर्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमत कमाल १.२० लाखांनी आणि टियागो ईव्हीची कमाल ७० हजारांनी कमी केली. अलीकडच्या ठळक कपातींपैकी ही एक, आणि तीही आपल्या एका वर्षाच्या बचतीच्या आसपासच येते. शिवाय दर उतरतच राहतील असा नियम नाही. ब्लूमबर्गएनईएफ या संस्थेच्या वार्षिक पाहणीत लिथियम-आयन बॅटरीचा दर वर्षानुवर्षे खाली येत असताना २०२२ मध्ये लिथियम आणि निकेल महागल्यामुळे चक्क वाढला होता. पुढे २०२३ मध्ये तो किलोवॉट-अवरला १३९ डॉलर आणि २०२४ मध्ये ११५ डॉलर झाला. तेव्हा दोन वर्षांपूर्वी ठरवूनही थांबलात, त्यात हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा भाग अधिक झाला, असे स्पष्टच लिहिणे भाग आहे.

हाच सल्ला प्रत्येकाला लागू नाही, हेही लगेच सांगायला हवे. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याची बचत पंचवीस-तीस हजारांच्या घरात राहते. त्याची सध्याची गाडी धडधाकट असेल, तर त्याने खुशाल दोन वर्षे थांबावे. ज्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय नाही, त्यानेही आधी ती सोय करावी आणि मगच मॉडेलांची चर्चा करावी, कारण सगळे चार्जिंग बाहेर करावे लागले, तर वरच्या हिशेबातला सुमारे एक-तृतीयांश फायदा तिथेच संपतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. भिंतीवरचा ७ किलोवॉटचा चार्जर बसवायचा असेल, तर मात्र महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागण्याची शक्यता असते. गृहनिर्माण संस्थेत राहत असाल, तर समितीशी बोलण्याचे काम गाडी नोंदवण्याआधीच उरकावे.

एकेकाळी थांबणे शहाणपणाचे होते, याचे उदाहरण चार्जिंगच्या सॉकेटचे आहे. २०१९ च्या सुमारास विकल्या गेलेल्या टिगोर ईव्हीला आणि महिंद्रा ई-व्हेरिटोला ‘भारत डीसी-००१’ पद्धतीचा, १५ किलोवॉटपर्यंतचा जलद चार्जर लागत असे. पुढे कंपन्यांनी सीसीएस-२ ही जोडणीची वेगळी पद्धत स्वीकारली, नवे चार्जर त्याच पद्धतीचे उभे राहिले, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना महामार्गावर आपल्या जोडणीचा चार्जर शोधत फिरण्याची वेळ आली. आता मात्र भारतात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व इलेक्ट्रिक मोटारींना सीसीएस-२ आहे, त्यामुळे थांबण्याचे हे सर्वांत सबळ कारण उरलेले नाही.

आपल्यासाठी ४० युनिटच्या पुढची बॅटरी योग्य ठरेल. नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या प्रकाराची जाहीर रेंज ४८९ किलोमीटर असली, तरी प्रत्यक्ष वापरातला अंदाज म्हणून कंपनीने स्वतःच साडेतीनशेच्या थोडा वरचा आकडा दिला आहे, आणि नियोजन करताना तोच विश्वासाचा मानावा. चाचणीसाठी गाडी शोरूमच्या भोवती फिरवून आणण्यात अर्थ नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणून, एसी चालू ठेवून, सिन्नरपर्यंत आपल्या नेहमीच्या वेगाने जाऊन यावे आणि किलोमीटरमागे किती वॉट-अवर खर्च झाले (१,००० वॉट-अवर म्हणजे एक युनिट) ते पडद्यावर वाचावे. हा आकडा १५० आला, तर ४५ युनिटमध्ये ३०० किलोमीटर होतील. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर असल्याने मुंबईला उतरताना पडद्यावरचा आकडा सुखावेल आणि परतीच्या वाटेवर कसाऱ्याच्या चढणीला दोन टनांच्या गाडीची तीनेक युनिटे जास्तीची जातील. मुलीच्या इमारतीत रात्रभर १५ अँपियरच्या सॉकेटची सोय झाली, तर त्या एका रात्रीत पंचवीस-तीस युनिट भरतात आणि वाटेत कुठेही थांबावे लागत नाही. वर्ष-दीड वर्ष रस्त्यावर असलेले मॉडेल निवडून याच वर्षी घ्यावे, असे आमचे मत आहे.

प्रश्न (सांगली): एका अगदी नव्या इलेक्ट्रिक एसयूव्हीची घोषणा झाली आहे. शोरूममधून रोज फोन येतो की पहिल्या काही हजार नोंदण्यांनाच प्रारंभिक किंमत मिळेल आणि गाडी तीन-चार महिन्यांनी हाती येईल. पहिल्या खेपेतली गाडी घेण्यात धोका असतो, असे जाणकार सांगतात. घाई करावी का?

उत्तर: प्रारंभिक किमतीचा दबाव खोटा नसतो. विंडसर प्रोचीच १७.४९ लाखांची किंमत पहिल्या आठ हजार नोंदण्यांपुरती होती, तेवढ्या नोंदण्या एका दिवसात झाल्या आणि किंमत सुमारे साठ हजारांनी वाढली. त्यामुळे खरा प्रश्न असा की, त्या साठ हजारांच्या बदल्यात आपण कोणती जोखीम उचलत आहोत. जुन्याच गाडीत मोठी बॅटरी घालून नवा प्रकार काढला असेल, तर तिचे दरवाजे, सस्पेन्शन, पडदा, मोटर हे सगळे आधीच्या ग्राहकांनी वापरून झालेले असते आणि जोखीम थोडी असते. तिथे घाई करण्यास हरकत नाही. पण सांगाडा, बॅटरी आणि सॉफ्टवेअर असे सगळेच नवे असेल, तर पहिले सहा ते नऊ महिने दुसऱ्यांना चालवू द्यावे, असे आम्ही सांगू. साठ हजार वाचवण्यासाठी वीस-पंचवीस लाखांच्या गाडीची चाचणी आपण आपल्या खर्चाने का करावी?

पहिल्या खेपेतल्या तक्रारी बहुतेक वेळा बॅटरीच्या नसतात. पडदा गोठणे, चावीची ओळख न पटणे, ठरावीक कंपनीच्या चार्जरवर चार्जिंग मध्येच तुटणे, बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरून गाडी उघडेनाशी होणे, अशा त्या असतात. यातल्या बऱ्याच गोष्टी सॉफ्टवेअरच्या अपडेटने सुधारतात, पण त्या सुधारेपर्यंत गाडी आपल्या दारात आणि आपण कार्यशाळेच्या दारात, अशी स्थिती होऊ शकते. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला कार्यशाळा दहा-वीस किलोमीटरवर असते. सांगलीत त्या कंपनीच्या केंद्रात उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ आहे का, की गाडी टोइंग करून कोल्हापूर किंवा पुण्याला न्यावी लागते, हे सर्व्हिस विभागात जाऊन विचारावे. विक्री विभागाचे उत्तर येथे पुरेसे मानू नये.

थांबल्याने आणखी एक गोष्ट हाती येते. भारत एनसीएपी ही अपघात-सुरक्षा चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली असून तिचे निकाल अनेकदा घोषणेनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या, त्यांना पाच तारे मिळाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये कळले आणि ग्राहकांच्या हाती त्या मार्चपासून पडू लागल्या. तेवढा धीर धरणाऱ्याला निकाल पाहून निर्णय घेता आला.

नोंदणीची रक्कम पूर्ण परत मिळते, असे पावतीवर लिहिलेले असेल तर नाव नोंदवून रांगेत राहावे आणि गाडी येईपर्यंत विचार चालू ठेवावा. ‘आजीवन बॅटरी वॉरंटी’ या शब्दांवर मात्र भाळू नये. अनेक कंपन्यांत ती पहिल्या खाजगी मालकापुरतीच असते आणि काहींत ‘आजीवन’ म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षे. गाडी विकली की दुसऱ्या मालकाला बहुधा ८ वर्षे किंवा १.६० लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेवढेच संरक्षण राहते. चार-पाच वर्षांनी गाडी बदलण्याची सवय असलेल्यांनी हे कलम आधी वाचावे, कारण विकताना मिळणारा भाव त्यावर अवलंबून राहणार आहे.

प्रश्न (ठाणे): डिसेंबरमध्ये दीड लाखाची सूट मिळते आहे, पण गाडी एप्रिलमध्ये तयार झालेली आहे. जानेवारीपर्यंत थांबलो तर नव्या वर्षाची गाडी मिळेल. काय करावे?

उत्तर: गाडी आठ-दहा वर्षे ठेवणार असाल, तर डिसेंबरची सूट घ्यावी. तीन-चार वर्षांत विकणार असाल, तर जुन्या गाड्यांच्या बाजारात निर्मितीचे वर्ष पाहूनच भाव ठरतो, त्यामुळे या सवलतीतला मोठा भाग तेव्हा परत द्यावा लागेल. निर्मितीचा महिना तपासणे सोपे आहे. चासिस क्रमांकातील दहावे अक्षर अनेक कंपन्यांत वर्ष दाखवते (२०२४ साठी आर, २०२५ साठी एस, २०२६ साठी टी), आणि नोंदणी प्रमाणपत्रावर महिना व वर्ष दोन्ही छापलेले असतात.

आठ महिने यार्डात उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रिक गाडीबाबत पेट्रोल गाडीपेक्षा दोन प्रश्न जास्त विचारावेत. मोठी बॅटरी या काळात किती टक्क्यांवर ठेवली होती? पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात महिनोन्महिने उभी राहणे तिच्या आयुष्याला चांगले नसते. आणि बारा व्होल्टची बॅटरी बदलली का? ती बदलून देण्याची अट नोंदणीच्या वेळीच लेखी घालावी. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी कार्यशाळेतून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागावा. वॉरंटी निर्मितीच्या तारखेपासून मोजली जाणार की विक्रीच्या, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

प्रश्न (नागपूर): मुलीसाठी स्कूटर आणि घरासाठी मोटार, दोन्ही इलेक्ट्रिक घ्यायच्या आहेत. सरकारची नवी सवलत येईल म्हणून थांबणे योग्य ठरेल का?

उत्तर: आजवरचा अनुभव असा की, खरेदीवरच्या सवलती येताना गाजतात आणि जाताना घाईने जातात. केंद्राच्या फेम-२ या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या अनुदान योजनेत दुचाकींना बॅटरीच्या किलोवॉट-अवरमागे १५ हजार रुपये मिळत होते. १ जून २०२३ पासून ते १० हजारांवर आले, कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली, आणि स्कूटरांच्या किमती वाढल्या. त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सुरुवातीला दुचाकीला कमाल १० हजार होते, तेही एप्रिल २०२५ पासून निम्म्यावर आले. इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरील व्याजाला प्राप्तिकरात दीड लाखांपर्यंत वजावट देणारे ८०ईईबी हे कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच होते. खाजगी मोटारींना तर फेम-२ चा लाभ नव्हताच. म्हणून जी सवलत आज लागू आहे तिचा हिशेब करावा आणि जिची नुसती चर्चा आहे ती शून्य धरावी.

उलट दिशेचे धक्केही बसतात. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला होता आणि त्याच अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्या पंधरवड्यात कराच्या भीतीने घाईघाईने नोंदणी करणाऱ्यांची धावपळ व्यर्थ गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला, त्यामुळे दोहोंच्या किमतीतली दरी थोडी रुंदावली. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालवणार असाल, तर मोटारीचा हिशेब या नव्या किमतींवर पुन्हा मांडून पाहावा.

टोलची सवलत मात्र आपल्या कामाची आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक मोटारींना पूर्ण टोलमाफी आहे, आणि धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर वर्षातून चार-सहा वेळा जाणाऱ्या नागपूरकराला ही माफी चांगलीच जाणवेल. प्रवासाआधी फास्टॅगवर गाडीची नोंद इलेक्ट्रिक म्हणून झाली आहे ना, हे पाहून घ्यावे. ही माफी राष्ट्रीय महामार्गांवरील प्रत्येक नाक्याला लागू आहे, असे समजू नये.

स्कूटरसाठी थांबण्याची गरज नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरांना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचे मानक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नवी स्कूटर घेताना ही काळजी मिटलेली असते. जुनी घेत असाल, तर एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच घ्यावी. मॉडेल स्थिरावण्याची वाट पाहण्याचा फायदा काय असतो, हे बजाजच्या चेतकवरून दिसते. जानेवारी २०२० मध्ये ती इलेक्ट्रिक रूपात आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३५ मालिकेत बॅटरी पाय ठेवण्याच्या जागेखाली नेल्याने आसनाखाली ३५ लिटरची जागा मोकळी झाली. कॉलेजची बॅग, रेनकोट आणि डबा ठेवणाऱ्या मुलीला हा बदल रेंजच्या वाढीव दहा किलोमीटरांहून जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न (लातूर): सॉलिड स्टेट बॅटरी आली की दहा मिनिटांत चार्जिंग आणि हजार किलोमीटर रेंज मिळेल, असे व्हिडिओंत सांगतात. आजची गाडी तेव्हा भंगारात जाईल का?

उत्तर: नाही. टोयोटाने २०१७ मध्ये ही बॅटरी (जिच्यात आतल्या द्रवाऐवजी घन पदार्थ असतो) २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणण्याचे सांगितले होते, आणि आता तीच कंपनी २०२७-२८ चे लक्ष्य सांगते. ती आली तरी आधी महागड्या गाड्यांत येईल आणि पंधरा लाखांच्या गाडीपर्यंत पोहोचायला तिला पुढची काही वर्षे लागतील. दरम्यान आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेली एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी उष्णतेत तुलनेने सुरक्षित असते आणि ती नियमितपणे पूर्ण भरली तरी फारसे बिघडत नाही. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या लातुरात हा गुण हजार किलोमीटरच्या आश्वासनापेक्षा मोलाचा आहे. आपल्या पत्रात रोजचे अंतर दिलेले नाही. ते वर्षाला पंधरा हजारांच्या वर असेल, तर पहिल्या उत्तरातला हिशेब आपल्यालाही लागू होतो. त्याहून बरेच कमी असेल, तर चालू गाडी चालवत राहावी, पण त्याचे कारण सॉलिड स्टेट बॅटरी हे नसावे.